उघडलंच आहे तर...

गिअरबॉक्स ही वस्तू कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेतानेच केलेली असते. इंजिनाचं तसं नाही. बॉनेट उचललं की ते दिसतं. हौशी लोक ते पुसूनपासून ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. गिअरबॉक्स बिचारा गाडीच्या पोटाखाली, दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात, तेलात बुडून जन्म काढतो. आपली त्याची ओळख वर आलेल्या दांड्याच्या मुठीपुरती. गिअर गुमान पडला तर त्याची आठवण कुणालाच येत नाही, आणि नाही पडला तर सिग्नलवरच्या अख्ख्या रांगेला येते.

आमच्याकडचा असा एक गिअरबॉक्स यंदाच्या हिवाळ्यात उजेडात आला, तो थेट जेवणाच्या टेबलावरच. मिशिगनचा जानेवारी, गराजमध्ये पाने हातात धरवत नव्हते, त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या, ‘आत आणतो’ याला नाही म्हणता आलं नाही. टेबलावर जुनी सतरंजी, सतरंजीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जाहिरातींच्या चोपड्या अशी बिछायत झाली आणि जवळजवळ पस्तीस किलोचं ते ॲल्युमिनिअमचं धूड वर आडवं झालं. मी व्यवसायाने हिशेबनीस. जानेवारी ते १५ एप्रिल ही इकडे आमची सुगी. लोकांच्या करपत्रकांचे गुंते मी याच टेबलावर सोडवते. सोडवत असे, म्हणायला हवं.

गाडी म्हणजे १९९२ सालची माझदा मिआटा. लाल, दोन सीटांची, छत मागे दुमडता येणारी. तिच्या जन्माची कथा गमतीची आहे. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९मध्ये माझदाच्या केनिची यामामोतोंपाशी विषय काढला, की पूर्वी इंग्लंडहून यायच्या तशा हलक्या, उघड्या, परवडणाऱ्या स्पोर्ट्‌स कार आता कुणी बनवत नाही, तर तुम्ही बनवा. त्या इंग्रजी गाड्या चालवायला मोठ्या मौजेच्या, पण उभ्या केल्या तिथे तेलाचं थारोळं. मौज इंग्रजांची आणि तब्येत जपान्यांची, असं काहीतरी व्हावं हा त्याचा हट्ट. माझदाने विचार करायला बरीच वर्षं घेतली आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी मांडली. तोशिहिको हिराई हे प्रकल्पाचे प्रमुख. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत अशी गाडी करायची, हे त्यांनी धरलेलं सूत्र. त्यासाठी गिअरचा दांडा आखूड ठेवला, इतका की मनगट हललं तरी गिअर बदलावा. लोकांना ते इतकं आवडलं की एप्रिल २०१६मध्ये या गाडीचा दहा लाखावा नग कारखान्यातून बाहेर पडला.

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सगळं सुहासने मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझदा म्हणजे आपली स्वराज माझदाच ना? आपल्या गावच्या शाळेची बस होती की ती. बरी असायची गाडी.”

अण्णा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. नोकरीभर गिअरबॉक्स, क्लच आणि डिफरन्शिअल याच तीन गोष्टी त्यांच्या हाताखालून गेल्या. दिवाळीचा फराळ घेऊन ते आणि सासूबाई आले. पासपोर्टवर सहा महिन्यांची मुदत मिळाली. सासूबाई थंडीला कंटाळून नणंदेकडे डॅलसला गेल्या. अण्णा राहिले. खिडकीतून बर्फ बघत, दिवसातून चारदा “या रस्त्यावर माणूस दिसत नाही” म्हणत बसले. तुम्हाला वाटेल, गिअरबॉक्स त्यांच्यासाठी काढला. सुहासने तसं कधी म्हटलं नाही. पण गाडीची कुरकुर जुनी होती आणि पाने बाहेर पडले ते अण्णा आल्यावरच.

कुरकुर होती दुसऱ्या गिअरची. गाडी गार असली की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा अडायचा, आणि रेटला तर आतून ‘कर्रर्र’ असा आवाज यायचा. दहा मिनिटं गाडी चालली, तेल तापलं, की सगळं सुतासारखं सरळ. या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. त्यावर उपायही ठरलेले: गार असताना पहिल्यातून तिसऱ्यात जा, किंवा जरा दमाने बदला, किंवा भंगारवाड्यातून काहीशे डॉलरला दुसरा गिअरबॉक्स आणून लावून टाका. जुना खोलून, आतले सुटे भाग मागवून, घरी पुन्हा भरायचा हा यांतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात लांबचा मार्ग. हिशेबनिसाच्या दृष्टीने शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. मी तसं बोलून दाखवलं. दोघांनी माना डोलावल्या आणि जॅक घेऊन गराजमध्ये गेले.

सुहास ट्रान्समिशन इंजिनिअर आहे, हे इथे सांगायला हवं. डेट्रॉइटच्या आसपासच्या गावांत मराठी मंडळींच्या गणपतीला जा. आरतीला उभ्या असलेल्या पुरुषांपैकी निम्मे तरी मोटारींच्या धंद्यातले निघतील. प्रसादाच्या रांगेत गप्पा त्याच. पण हे सगळे पडद्यावरचे इंजिनिअर. सुहास दिवसभर संगणकात गिअरच्या दातांवर जोर टाकतो. दात जिथे दगा देणार तिथे चित्र लाल होतं. मग तो तिथे किंचित धातू वाढवतो, लाल पिवळ्यावर येतं आणि तो घरी येतो. हाताला तेलाचा डाग नाही. अण्णांनी एकदा त्याला हे काम समजावून सांगायला लावलं. पूर्ण ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हणजे तू नकाशावर घाट चढतोस.”

गिअरबॉक्स खाली उतरवण्यातच त्यांचे बरेच शनिवार-रविवार गेले. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि गाडी हिवाळ्यात झाकून ठेवली तरी आधीच्या मालकाने ती ठेवलेली नसते. एकेक बोल्ट गंजून असा बसलेला की आधी तेल पाजायचं, मग मारायचं, मग विनवायचं. शिवाय या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनिअमची एक लांब चौकट आहे, ती काढल्याशिवाय काही हलत नाही. आणि इंजिनाला गिअरबॉक्स जखडणारे वरचे बोल्ट तर अशा जागी आहेत की ते दिसतच नाहीत. पान्याच्या टोकाला एकाला एक दांड्या जोडून, शेपटीकडून, आंधळेपणाने चाचपत तिथे पोचायचं. सुहास गाडीखाली पाठीवर, अण्णा स्टुलावर टॉर्च धरून. टॉर्च धरणाऱ्याने काही बोलू नये अशी माझी समजूत होती. ती अण्णांची नव्हती. लहानपणी सुहास टॉर्च धरायचा आणि अण्णा खाली असायचे, तेव्हा ‘इकडे धर, तिकडे काय बघतोस’ हे सगळं त्याने ऐकलेलं. आता टॉर्च वरून बोलत होता.

याच सुमारास घरात एक वाक्य राहायला आलं: “उघडलंच आहे तर...” ज्यांनी कधी न्हाणीघराचा एक नळ बदलायला काढला असेल त्यांना हे वाक्य ठाऊक असेल. गिअरबॉक्स काढलाच आहे तर क्लच-प्लेट बदलून टाकू. क्लच काढलाच आहे तर रिलीझ बेअरिंग घालू. ते घालतोच आहोत तर समोर दिसणारं इंजिनाचं मागचं ऑइल सील जुनं का ठेवायचं? प्रत्येक वाक्य एकेकटं घेतलं तर त्यात बोट ठेवायला जागा नाही. बेरीज केली की मात्र भोवळ येते. दुसऱ्याच्या घरी अशी बेरीज करताना मी वकिलासारखी कोरडी असते. स्वतःच्या घरी मी फक्त एक कागद फ्रिजवर चिकटवला आणि रोज त्याखाली नवी रक्कम लिहीत गेले.

तेल काढलं तेव्हाची गोष्ट. दोनेक लिटर निघालं. काळपट, आणि उजेडात धरलं की आत सोनेरी चूर्ण तरंगताना दिसे. मला ते सुंदर वाटलं. अण्णांनी एक थेंब चिमटीत घेऊन अंगठा तर्जनीवर घासला, जसं आपण पिठीसाखर नीट दळली आहे का बघतो. “पितळ,” ते म्हणाले, “रिंगा गेल्या.” यंत्र उघडायच्या आधी निदान झालं. त्या तेलाला वासही होता, सगळ्या घरात भरलेला. संध्याकाळी माझी मैत्रीण आली आणि दारातच तिने विचारलं, “चाट मसाला सांडला का गं?” चुकली नव्हती ती. गिअरच्या तेलात गंधकाची द्रव्यं असतात, आणि काळ्या मिठाचा वासही गंधकाचाच. दातांवर जबरदस्त दाब येतो तिथे ती द्रव्यं धातूला वाचवतात. पण काही तेलांतलं गंधक पितळेला खातं, म्हणून जीएल-४ घालावं की जीएल-५, यावर हौशी लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. आमच्याकडेही दोन संध्याकाळ ते भांडण झालं. निकाल जीएल-४च्या बाजूने लागला, मुख्यतः ते दुकानात होतं म्हणून.

आता ती रिंग. मला वाटायचं, गिअर बदलतो म्हणजे आत चाकं सरकून एकमेकांत अडकतात. तसं काहीच होत नाही. सगळे गिअर आधीपासून जोडीजोडीने एकमेकांत गुंतलेलेच असतात, सगळे सतत फिरत असतात. फक्त वरच्या शाफ्टवरचे गिअर त्या शाफ्टवर मोकळे असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा एक स्लीव्ह सरकते आणि पाचांपैकी एकाला शाफ्टशी बांधून टाकते. बाकीचे चार आपले फुकट फिरत राहतात. पहिल्या गिअरला इंजिनाचे ३.१३६ फेरे होतात तेव्हा शाफ्टचा एक होतो. वेग गेला, तेवढा जोर आला. दुसऱ्याला १.८८८, तिसऱ्याला १.३३०, चौथ्याला सरळ एकास एक, पाचव्याला ०.८१४. कुठे काही फुकट मिळत नाही, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला टाकलं जातं. गिअरबॉक्सबद्दल मला आदर वाटू लागला तो इथे.

भानगड त्या बांधण्याच्या क्षणी होते, कारण स्लीव्हचा वेग वेगळा आणि गिअरचा वेगळा. तिथे पितळेची एक रिंग बसवलेली असते. तळहातावर मावेल एवढी, बाहेरून बारीक दात, आतून निमुळती, आणि आतल्या अंगाला इतक्या बारीक आट्या की नखाने चाचपल्याशिवाय कळू नयेत. दांडा ढकलला की आधी ही रिंग गिअरच्या निमुळत्या खांद्यावर दाबली जाते. त्या बारीक आट्या मधला तेलाचा थर कापतात, पितळ पोलादाला धरतं, घर्षणाने दोघांचे वेग सारखे होतात. तोवर बाहेरचे दात स्लीव्हला वाट देत नाहीत. वेग जुळले की वाट मोकळी. हे सगळं आपल्या मनगटाला एका ‘टक’ एवढंच कळतं. आट्या झिजून गुळगुळीत झाल्या की तेलाचा थर कापला जात नाही, रिंग घसरते, आणि ‘कर्रर्र’. गार तेल जाड, म्हणून सकाळी जास्त. दुसऱ्या गिअरची रिंग आधी जाते, कारण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत वेगाची उडी सगळ्यांत मोठी.

सुहास मला हे आकृती काढून सांगत होता. अण्णांनी आकृती बाजूला सारली. “स्टँडातून सुटलेली गाडी पकडणारा माणूस बघितलास ना? आधी गाडीच्या बरोबरीने चार पावलं पळतो, मग दांडी धरतो, मग पाय टाकतो. उभ्या उभ्या पाय टाकला तर तोंडावर आपटतो. ही रिंग म्हणजे ती चार पावलं.” सुहासने आकृती घडी घालून ठेवली.

ही चार पावलं पळायची युक्ती गाड्यांत आली ती डेट्रॉइटमधूनच. अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरची कल्पना, आणि १९२८मध्ये कॅडिलॅकने ती गाडीत घालून विकायला काढली. त्याच्या आधी, आणि जड गाड्यांत त्याच्या कितीतरी नंतरही, पळण्याचं काम ड्रायव्हरच करायचा. डबल क्लच. अण्णांना तो शब्द मिळाल्यावर आम्ही जेवायचे थांबलो. कराड-चिपळूण गाडी, कुंभार्ली घाट, पावसाळा, मागे साठ माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या (पावसाळ्यात आंबे कुठले, हे मी विचारलं नाही). क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, कानाने इंजिन ऐकत ॲक्सिलरेटरचा एक ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच, आणि नेमक्या त्या क्षणी खालचा गिअर टाकायचा. क्षण चुकला तर गिअर पडत नाही आणि गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये. “काही ड्रायव्हर असे होते,” अण्णा म्हणाले, “की त्यांची गाडी आमच्याकडे वर्षानुवर्षं यायचीच नाही. आणि काहींचा गिअरबॉक्स नंबर बघून आम्ही ड्रायव्हरचं नाव सांगायचो.”

अमेरिकेने ही विद्या लवकरच सोडली. १९३९मध्ये ओल्ड्‌समोबिलने पुढच्या वर्षीच्या गाड्यांत हायड्रामॅटिक देऊ केलं आणि हळूहळू देशाने डाव्या पायाला विश्रांती दिली. आज इथे नव्या गाड्यांमध्ये हाताचा गिअर औषधाला सापडतो. सुहासच्या कामातही आधी सहा गिअर होते, मग आठ, मग दहा. आणि आता तो ज्या विजेच्या गाड्यांवर काम करतो त्यांत एकच. मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच जोर देते, तिला गिअर बदलायची गरज पडत नाही. इतकं शिकून माणसाकडे बदलायला गिअर उरू नये, हे त्याने विनोदाने सांगितलं. अण्णा हसले नाहीत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे ते नगर धावली, ती बेडफर्ड होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ला एसटीने विजेवर चालणारी ‘शिवाई’ सोडली. अण्णा निवृत्त असूनही मुद्दाम एकदा त्या गाडीत बसून आले होते. “चांगली आहे,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “आवाज नाही. ड्रायव्हर काय करतो ते कळतच नाही.”

खोलताना एक प्रकार झाला तो सांगण्यासारखा आहे. गिअर सरकवणाऱ्या दांड्यांना खोबणी असतात आणि प्रत्येक दांड्याच्या एका खोबणीत स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी बसलेली असते. दांडा जागेवर आल्याची ‘टक’ हीच गोळी देते. दोन दांड्यांच्या मध्ये आणखी एक खुंटी, एका वेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून. सुहासने दांडा ओढला तेव्हा अण्णांनी भोकावर अंगठा ठेवला होता. दुसऱ्या दांड्याच्या वेळी ते चहा घेत होते. ती गोळी छताला लागली, पंख्याला लागली, आणि माझ्या एका अशिलाच्या करपत्रकांच्या खोक्यात पडली. त्यात काय काय सापडेल याचा भरवसा नसलेलं ते खोकं होतं. गोळी त्यातल्या त्यात लवकर मिळाली. नंतर शाफ्टचं मोठं नट सैल करायला तो शाफ्ट फिरू नये म्हणून त्यांनी मुद्दाम दोन गिअर एकदम पाडले. जे होऊ नये म्हणून आत एवढा बंदोबस्त, तेच बंदोबस्त काढल्यावर कामाला आलं.

रिंगा तपासायची रीत साधी आहे. रिंग गिअरच्या खांद्यावर बसवायची आणि मधली फट फिलर गेजने मोजायची. नवी असताना दीड मिलिमीटरच्या आसपास, ०.८च्या खाली आली की बाद. दुसऱ्या गिअरची बाद होती, तिसऱ्याची काठावर. अण्णांचं म्हणणं, तिसऱ्याची चालेल. गेज त्यांच्या हातात दिला तर त्यांनी पाहिला आणि परत दिला. “एसटीत चालली असती.” सुहास म्हणाला, “उघडलंच आहे तर...” नव्या रिंगा आल्यावर मात्र उलट झालं. आकड्यात सगळ्या पास. अण्णा एकेक घेऊन खांद्यावर दाबून पिळून बघत होते. चांगली रिंग हाताला चावते, निघायला तयार होत नाही. एक त्यांनी बाजूला काढली. “ही नाही धरत.” सुहासने मोजली, आकडा ठीक. त्याने स्वतः पिळून पाहिली, आणखी दोन पिळून पाहिल्या, पुन्हा ती पिळली. मग मुकाट्याने परत पाठवायच्या पाकिटात टाकली. मलाही त्यांनी पिळायला दिली होती. मला दोन्हींत काही फरक कळला नाही, पण मी कळल्यासारखं केलं.

भरताना स्वयंपाकघर कामाला लागलं. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं. कारखान्यात त्यासाठी प्रेस असतो. आमच्याकडे ओव्हन होता. कार्यशाळेत बेअरिंग तेलात तापवायचे, असं अण्णा म्हणाले. ते घरात होऊ देणं मला मान्य नव्हतं. मग बेअरिंग ओव्हनमध्ये २१२ फॅरनहाइटला, म्हणजे बरोबर उकळत्या पाण्याच्या आचेला, आणि शाफ्ट आदल्या रात्रीपासून फ्रीझरमध्ये, मटार आणि खवलेल्या नारळाच्या पाकिटांच्या मध्ये तिरका. पोलाद थंडीने आक्रसतं, उष्णतेने फुलतं, केसाएवढं, तेवढं पुरतं. सुहासने शाफ्ट उभा धरला, अण्णांनी माझे केक काढायचे हातमोजे घालून बेअरिंग वर सोडलं, आणि ते हातोडीचा एक घाव न खाता खाली जाऊन बसलं. दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही, पण दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मी दाद दिली. तेवढ्यापुरती तरी ती खरी होती.

एप्रिलच्या पावसांनी रस्त्यांवरचं मीठ धुऊन नेलं आणि गाडी बाहेर आली. सकाळी, गार असताना. सुहास चालवायला, शेजारी अण्णा, स्पोर्ट्‌स कारमध्ये माकडटोपी घालून, छत उघडं. मी फाटकात उभी राहून ऐकत होते. पहिला, मग आवाज खाली आला, मग दुसरा. काही ऐकू आलं नाही. कोपऱ्यावरून वळून परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या फेरीला अण्णांनी मला बसवलं. पुण्यात मी डाव्या हाताने गिअर टाकायला शिकलेली. इथे तो उजव्या हाताला, त्यामुळे आधी दोनदा दाराचं हँडल ओढलं. पण दुसरा पडला. अण्णांचा शेरा: “पास.” एसटीत याहून मोठा शेरा नसावा.

उरला फ्रिजवरचा कागद. हिशेब कुठल्या तरी खात्यात जायला हवा. ‘दुरुस्ती’ म्हणावं तर एवढ्यात गाडीच अर्धी आली असती. ‘करमणूक’ म्हणावं तर त्यातला बराचसा भाग माझ्या करमणुकीचा नव्हता. सुहास म्हणाला, ‘शिक्षण’. अण्णा म्हणाले, माझ्या औषधपाण्यात घाल, यंदा गुडघ्याची गोळी एकदाही घेतली नाही. आमच्या धंद्यात अशा रकमांसाठी सस्पेन्स खातं असतं. रक्कम कुठे घालायची ते कळेपर्यंत तिथे टाकून ठेवायची, फक्त वर्षअखेर ते मिटवायचं असतं. सध्या ती रक्कम तिथे आहे. मिटवायला बसणार होते, पण काल दोघं फिरून आल्यावर सुहास म्हणाला की गिअरबॉक्स शांत झाल्यापासून मागच्या डिफरन्शिअलमधून बारीक घूंऽऽ ऐकू येतो. अण्णांनी माझ्याकडे वळून, अगदी सहज, विमानाचं तिकीट पुढे ढकलायला किती पैसे पडतात, ते विचारलं.